‘फायर’ एक की दोन? आठ महिने इंग्रजीत सिलॅबल मोजल्यानंतरचा अनुभव

सिलॅबल, म्हणजे शब्दातला एका दमात उच्चारला जाणारा तुकडा, मोजणारं ॲप घेऊन मला आठ महिने झाले. वर्षाची वर्गणी 1,499 रुपये, एकदम भरलेली. लिहायचं लांबणीवर पडत होतं, पण गेल्या आठवड्यात त्यांच्या ग्राहकसेवेचं तिसरं उत्तर आलं आणि आता लिहून टाकते. ॲपचं नाव देत नाही. अशी बरीच ॲप्स आहेत आणि त्रास थोड्याफार फरकाने सगळीकडे तोच असणार.

हायकू, तांका, सिंकेन, सिजो हे मोजून लिहायचे छोट्या कवितांचे प्रकार इंग्रजीत लिहिणाऱ्यांना त्यांची मापं पाठ असतात, ती समजावत बसत नाही. भांडण एका शब्दावरून झालं. माझं सिंकेन असं होतं, देवनागरीत उतरवते:

लेट रेन.
द किचन फायर
गोज आउट, ॲन्ड इन द डार्क
वी हिअर माय मदर काउन्ट हर बीड्स
अगेन.

सिंकेनच्या पाच ओळींचं माप 2-4-6-8-2 सिलॅबल. शब्दकोशात ‘फायर’ एका सिलॅबलचा, म्हणून दुसरी ओळ चारची. ॲपने तिथे पाच दाखवले आणि लाल खूण केली. मी ‘फायर’च्या जागी ‘आवर’ घालून पाहिलं, तेही दोन. ‘एव्हरी’ तीन. मी पत्र पाठवलं, छापील शब्दकोशाच्या पानाचा फोटो जोडला. उत्तर आलं की मोजणी त्यांच्या कोशाप्रमाणे होते आणि ती बरोबर आहे. दुसऱ्यांदा लिहिलं, उरलेल्या महिन्यांचे पैसे मागितले. मिळणार नाहीत. तिसऱ्या उत्तरात पहिलंच उत्तर पुन्हा चिकटवलेलं होतं. मला राग आकड्याचा नव्हता इतका त्या लाल खुणेचा होता. कवितेतल्या ओळीला चूक म्हणायचं तर का म्हणतोय ते सांगावं.

पैसे गेलेच होते, म्हणून निदान त्यांचा कोश कुठला ते शोधायला बसले. कार्नेगी मेलन विद्यापीठाचा उच्चारकोश मोफत आहे, सव्वा लाखाहून जास्त शब्दांचा. त्यात प्रत्येक स्वरामागे आघाताचा, म्हणजे उच्चारातल्या जोराचा, आकडा असतो, 0, 1 किंवा 2. शब्दातले आकडे मोजले की सिलॅबल मोजून झाले. 1,499 रुपयांचं काम फुकटात होतं, हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आणि त्याच कोशात ‘फायर’चे दोन उच्चार दिले आहेत, एक दोन सिलॅबलांचा, एक एकाचा. ॲपने बहुधा पहिला उचलला आणि दुसरा दाखवलाच नाही.

इथपर्यंत माझं मत होतं की ॲप चुकलं. ते बदललं ते स्वयंपाकघरात.

मी ओट्यापाशी उभी राहून बोटांच्या पेरांवर ही ओळ मोजत होते. सासूबाईंनी विचारलं, “काय गं, कसला हिशेब चाललाय?” त्या भजनी मंडळात तीस वर्षं गातात. मी म्हटलं, “आई, फायर हा शब्द एक धरायचा की दोन?” त्यांनी तो दोनदा म्हणून पाहिला, एकदा नुसता, एकदा अभंगाच्या चालीवर. मग म्हणाल्या, “बोलताना ‘घर’ एका दमात होतं. अभंगात ‘घ’ वेगळा आणि ‘र’ वेगळा, दोन धरायचे. तू तुझ्या तोंडाने म्हणून बघ, कुठे थांबतेस ते.”

मोठ्या अभंगाची अक्षरं 6-6-6-4 अशी मोजताना आपण शेवटचा ‘अ’ पूर्ण धरतो, बोलताना मात्र तो गिळतो. लहानपणापासून हे करत आलेय आणि त्याला कधी अडचण म्हटलं नाही. रात्री फोनवर ती ओळ दहा वेळा रेकॉर्ड केली. दहाही वेळा फा-यर, स्वच्छ दोन. माझं इंग्रजी सांगलीच्या शाळेत शिकलेलं आहे, त्यात ‘फायर’ दोन सिलॅबलांचाच आहे. म्हणजे माझ्यापुरते ॲपचे पाच बरोबर होते.

मी ‘द’ काढून टाकला. ‘किचन फायर’, चार. ‘द’ तिथे माप भरण्यापुरताच होता, हे तो गेल्यावर कळलं. दुसऱ्या देशातला एखादा वाचक त्या ओळीत तीनच मोजेल, तर मोजू दे.

सिंकेनवर माझा जीव जडला तोही याच सुमारास. सहज बेरीज केली: 2-4-6-8-2 म्हणजे 22, आणि 6-6-6-4 म्हणजेही 22. योगायोगच, पण त्यानंतर मला ते माप परकं वाटलं नाही. ॲडलेड क्रॅप्सी या अमेरिकन बाईंनी जपानी हायकू-तांका वाचून हा छंद बांधला. 1914 साली, वयाच्या 36व्या वर्षी क्षयाने त्या गेल्या, पुस्तक पुढच्या वर्षी आलं. इंग्रजी छंदशास्त्राचा त्यांचा अभ्यास होता, म्हणून त्यांनी नुसते सिलॅबल मोजले नाहीत, आघातही बसवले, ओळीगणिक 1-2-3-4-1. इंग्रजी कानाला आघात ऐकू येतो, सिलॅबलची संख्या येत नाही. मेरिअन मूरसारखी अमेरिकन कवयित्री सिलॅबल मोजून कडवी रचायची, तरी ऐकणाऱ्याला ते माप सहसा कळत नाही, पानावर बघावं लागतं. सिंकेन मात्र कानाला कळतं, ओळ वाढत जाते आणि शेवटी एकदम तुटते. ‘किचन फायर’ने चाल उलटी झाली, जोर पहिल्या सिलॅबलवर आला, पण आघात दोनच राहिले. क्रॅप्सीबाईंना चाललं असतं असं मी धरते.

हायकूबद्दल मात्र पहिल्या चार महिन्यांतलं माझं लिखाण फुकट गेलं असंच म्हणेन. साठेक हायकू लिहिले, सगळे तीन ओळींत 5-7-5, आणि प्रत्येकात एखादा तरी ‘द’ किंवा ‘ओल्ड’ नुसता जागा अडवून बसलेला. कारण उशिरा समजलं. जपानीत मोजतात ते सिलॅबल नव्हेत. ‘तोक्यो’ तिथे चारचा: तो-ओ-क्यो-ओ. ‘निप्पोन’ही चारचा: नि-प्-पो-न्. हे वाचलं आणि शाळेतला लघु-गुरूचा तास आठवला. दीर्घ स्वराच्या दोन मात्रा. जोडाक्षराआधीचा ‘नि’ गुरू, त्याच्या दोन, ‘प्पोन्’च्या दोन. म्हणजे हायकू आपल्या मात्रावृत्ताच्या जवळचं आणि मी त्याला अक्षरछंदासारखं मोजत होते. सतरा जपानी मात्रांत जेवढं मावतं त्यापेक्षा सतरा इंग्रजी सिलॅबलांत पुष्कळ जास्त मावतं, म्हणून ओळी भराव्या लागतात. इंग्रजीत हायकू लिहिणारे बरेच जण आता दहा-बारा सिलॅबलांवर थांबतात किंवा मोजतच नाहीत. मीही मोजणं सोडलं. मराठीत शिरीष पैंचे हायकू वाचून वाढलेल्या मला हे आधीच सुचायला हवं होतं. ते वाचताना मी कधी बोटांवर मोजलं नव्हतं.

थान-बौक या बर्मी काव्यप्रकाराला चार दिवस दिले. चार सिलॅबलांच्या ओळी, यमक पहिल्या ओळीत चौथ्या जागी, दुसरीत तिसऱ्या, तिसरीत दुसऱ्या. बर्मीतले बरेच शब्द एकेका सिलॅबलचे, तिथे यमक सहज सरकत असेल. इंग्रजीत ओळ ‘कॅट, हॅट’वर येते. एन्ग्लिन या वेल्श काव्यप्रकारातली व्यंजनांची गुंफण तर माझ्या आवाक्यातली नाही.

सिजो ठेवलं आहे. कोरियन, तीन ओळी, प्रत्येकीत चौदा ते सोळा सिलॅबल, आणि तिसरी ओळ सुरू होताच तीन सिलॅबलांत वळण. हाही मुळात गायचा प्रकार. एखाददुसरा सिलॅबल इकडेतिकडे चालतो, त्यामुळे ‘फायर’चा प्रश्न इथे येतच नाही. ओळ लांब असल्याने बोलल्यासारखं इंग्रजी लिहिता येतं. सुरुवात करणाऱ्याला मी हायकूच्या आधी सिजो सुचवेन.

ॲपची एक खोड अजून सांगायची राहिली. शब्द कोशात नसेल तर ते रोमन लिपीतले स्वर बघून अंदाज करतं. लागून आलेले स्वर मिळून एक. ही युक्ती ‘पोएम’लाच लावली तर तोही एक सिलॅबलचा होईल. इंग्रजी शब्द कोशात असल्याने बहुतेक वेळा सुटतात, आपले शब्द अडकतात. मी वर्गणी पुढे भरणार नाही, पण उरलेले चार महिने ते वापरणार आहे, पैसे दिलेत म्हणून. कालच नवं सिंकेन पुरं केलं. शेवटच्या दोन सिलॅबलांच्या ओळीत एकच शब्द आहे, ‘आई’. रोमन लिपीत तिन्ही अक्षरं स्वर, एकाला एक लागून. ॲप तिला एक धरतं आणि तिथे लाल खूण दाखवतं. ओळ तशीच ठेवली आहे.