कॅमकेटू अल्फाची अँटिबॉडी: घ्या, पण सोबतच्या पत्रकावर विसंबू नका

उंदराच्या मेंदूत कॅमकेटू अल्फा (CaMKII alpha, चेतापेशींमधलं एक एन्झाइम) नक्की कुठेकुठे असतं ते बघायला आमच्या लॅबने ही माउस मोनोक्लोनल, म्हणजे उंदरापासून बनवलेली, या एकाच प्रोटीनला चिकटणारी अँटिबॉडी घेतली. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. १०० मायक्रोलिटरची एवढीशी वायल, बिल ४० हजारांच्या घरात, आणि डिस्ट्रिब्युटरने भर मे महिन्यात पाठवली तेव्हा आइस पॅकचं पार पाणी झालेलं. नशीब अर्धं ग्लिसरॉल असतं म्हणून माल वाचला. (मायनस २० लाच ठेवा.)

वेस्टर्नला (प्रोटीन वजनाप्रमाणे वेगळे करून अँटिबॉडीने ओळखायची टेस्ट) ५० किलोडाल्टनला एकच स्वच्छ बँड, ६० च्या आसपासच्या बीटाला, म्हणजे याच एन्झाइमच्या भावंडाला, हात लावत नाही. पण यात फार कौतुक नाही हां, मेंदूतल्या एकूण प्रोटीनपैकी १ ते २ टक्के हेच एन्झाइम आहे, बँड आला नसता तरच नवल.

खरी मजा सेक्शनवर, म्हणजे मेंदूच्या पातळ कापांवर. हिप्पोकॅम्पसच्या सीए-१ या भागामध्ये पेशींची रांग तर दिसतेच पण तिच्या खालचा सगळा डेंड्राइट्सचा (पेशींच्या फांद्यांचा) पट्टा पण भरून येतो, नवीन पोरं लगेच म्हणतात बॅकग्राउंड (नको तिथे चढलेला रंग) आलं, धुवा परत. बॅकग्राउंड नाहीये राव ते! याचा एमआरएनएच (प्रोटीन बनवायचा निरोप) डेंड्राइटमध्ये जातो आणि प्रोटीन तिथल्या तिथे पण बनतं. खात्री करायची तर पार्व्हाल्ब्युमिनसोबत डबल स्टेन करा, हे प्रोटीन असलेल्या इनहिबिटरी (इतर पेशींना आवर घालणाऱ्या) पेशींमध्ये हे जवळपास नसतंच, त्यामुळे त्या जागी काळी भोकं दिसतात. सेरेबेलममध्ये (लहान मेंदूत) मोठ्या पुरकिंजे पेशी उठून येतात आणि ग्रॅन्यूल पेशी कोऱ्या राहतात. या दोन्ही टेस्टला ही अँटिबॉडी पास, म्हणूनच मी घ्या म्हणतोय.

डोकं फिरतं ते पत्रकाने. कुठल्याही वापराला १:५०० एवढीच पातळ करा लिहून मोकळे. माउस अँटिबॉडी माउसच्याच टिश्यूवर लावली की सेकंडरी (पहिल्या अँटिबॉडीला पकडून चमकणारी दुसरी) रक्तवाहिन्यांमधल्या आयजीजीला, म्हणजे उंदराच्या स्वतःच्या अँटिबॉडीला, पण चिकटते आणि सगळ्या वाहिन्या चमकायला लागतात, त्याबद्दल अवाक्षर नाही. परफ्यूजनला (हृदयातून द्रव सोडताना) रक्त नीट धुऊन काढा आणि फॅब ब्लॉक (ते आयजीजी आधीच झाकून टाकणारे अँटिबॉडीचे तुकडे) लावा, बराच फरक पडतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मेंदू काढायला उशीर झाला की रक्तपुरवठा बंद पडल्यामुळे पेशीत कॅल्शियम चढतं आणि हे एन्झाइम सायटोप्लाझममधून उठून सिनॅप्सच्या (दोन पेशींच्या जोडाच्या) पोस्टसिनॅप्टिक डेन्सिटीकडे, म्हणजे निरोप घेणाऱ्या बाजूच्या दाट प्रोटीनच्या थराकडे, सरकतं, त्याचे गठ्ठे पण होतात. म्हणजे जिवंतपणी जिथे होतं तिथे ते तुम्हाला दिसतच नाही, आणि काही मिनिटांचा उशीर पण पुरतो. मग दोन सॅम्पल वेगळे आले की लोक लॉट नंबरला (अँटिबॉडीच्या बॅचला) शिव्या घालत बसतात. एवढी मोठी गोष्ट पत्रकात एका ओळीत लिहायला काय जातं?

घ्यायच्या आधी सिएटलच्या ॲलन इन्स्टिट्यूटच्या माउस ब्रेन ॲटलासवर या जीनचं चित्र बघून घ्या, फुकट आहे. फक्त ते आरएनएचं आहे, प्रोटीनचं नाही, हे डोक्यात ठेवा.

५ पैकी ४. एक स्टार पत्रकाचा कापला. कुठल्या भागात, कुठल्या प्रकारच्या पेशीत एवढंच बघायचं असेल तर पैसे वसूल. सिनॅप्सच्या आत नेमकं किती ते मोजायचं असेल तर मात्र थांबा, पीएफएने (पॅराफॉर्मल्डिहाइडने) घट्ट फिक्स केलेल्या टिश्यूत डेन्सिटीच्या आत अँटिबॉडी नीट शिरत नाही, पेप्सिन (प्रोटीन थोडं पचवून वाट मोकळी करणारं एन्झाइम) वगैरे देऊन आधी ट्रायल घ्या, आणि डिस्ट्रिब्युटर छोटी सॅम्पल वायल देत असेल तर तीच मागा.