लॉर्ड ऑफ द रिंग्ज: थिएटरची आवृत्ती की एक्स्टेंडेड?

टॉल्किनच्या कादंबरीवरच्या या सिनेमांचे थिएटरमधले तीन भाग (2001, 2002, 2003) मिळून सव्वानऊ तासांच्या आसपास जातात. एक्स्टेंडेड, म्हणजे जादा प्रसंग घातलेली लांब आवृत्ती, घेतली तर अकराच्या पुढे. त्यातही काही मिनिटं निव्वळ फॅनक्लबच्या सभासदांच्या नावांची. ती खुशाल पळवा.

पुस्तक न वाचलेल्या माणसाला पहिला भाग थिएटरचाच दाखवा. त्याची गती नेमकी आहे. एक्स्टेंडेडमध्ये एल्फ लोकांची अधिपती गॅलाड्रिएल अंगठी नष्ट करायला निघालेल्या सोबत्यांना भेटी देते. त्यांच्यातला ड्वार्फ गिमली तिचा एक केस मागतो आणि ती तीन देते. वाचकाच्या अंगावर काटा येतो, नवख्याला मात्र प्रसंग रेंगाळल्यासारखा वाटतो.

दुसऱ्या भागात मात्र एक्स्टेंडेडच हवी. थिएटरच्या आवृत्तीत गोंडोर राज्याचा सरदार फारामीर नुसताच हेकट वाटतो. इथे ऑस्गिलिआथ शहरातला जुना प्रसंग येतो: बाप सगळं कौतुक थोरल्या बोरोमीरचं करतो, धाकट्याला झिडकारतो आणि अंगठी आणायला थोरल्यालाच पाठवतो. मग अंगठी वाहणाऱ्या फ्रोडोला फारामीर पकडून का नेतो, ते कळतं.

तिसऱ्यात मामला मिश्र. थिएटरमध्ये दुष्ट जादूगार सारुमान दिसतच नाही, एक्स्टेंडेडमध्ये त्याचा शेवट होतो, तोही मनोऱ्यावर. पुस्तकात तो फ्रोडोच्या मुलखात, शायरमध्ये मरतो. पण इथेच नायक आरागॉर्न मुख्य खलनायक सॉरॉनच्या दूताचं मुंडकं उडवतो, हे खटकतंच. पुस्तकात दूताला धक्काही लागत नाही. (हा वाद मिटणारा नाही.)

एका दिवसात तिन्ही एक्स्टेंडेड उरकू नका, तिसऱ्या भागातल्या मिनास तिरिथ शहराच्या वेढ्यापर्यंत डोळे मिटायला लागतात. पहिला भाग दोन बैठकांत बघायचा तर अंगठीचं काय करायचं ते ठरवणाऱ्या एल्रॉन्डच्या सभेनंतर थांबा.