‘तोत्तोचान’: चौथी-पाचवीला वाचून दाखवावं असं पुस्तक

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या सरकारी मराठी शाळेत मी चौथी-पाचवीला शिकवते. शेवटच्या तासाला मी वर्गाला मोठ्यानं वाचून दाखवते, आणि त्यासाठीचं पुस्तक फार जपून निवडते. आमच्या मुलांची घरची मराठी वेगळी, बाजारात कन्नड, आणि पुस्तकातली मराठी पुण्याकडची. ती आधी कानात बसली तरच पुढं डोळ्यांनी वाचायला सोपी जाते.

यंदा तेत्सुको कुरोयानागी यांचं ‘तोत्तोचान’ घेतलं. मराठी अनुवाद चेतना सरदेशमुख गोसावी यांचा, प्रकाशन नॅशनल बुक ट्रस्टचं. १९८१ साली जपानीत आलेल्या या खरं तर लेखिकेच्या शाळेतल्या आठवणी आहेत, पण मुलं ऐकतात कादंबरीसारख्या. प्रकरणं अगदी छोटी, त्यामुळं घंटा व्हायच्या आत एखादं सहज पुरं होतं. नुसत्या एवढ्यासाठीसुद्धा मी हे पुस्तक सुचवेन, कारण गोष्ट मध्येच तोडली की दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग मागचं विसरून येतो.

पहिलीतल्या तोत्तोचानला शाळेतून काढून टाकतात. कारण काय, तर ती बाकाचं झाकण सारखं उघडते-मिटते आणि खिडकीत उभी राहून रस्त्यावरच्या वाजंत्रीवाल्यांना हाका मारते. मग ती तोमोए नावाच्या शाळेत जाते, तिथं वर्ग भरतात रेल्वेच्या जुन्या डब्यांत. लोंढ्याकडं जाणाऱ्या गाड्या रोज बघणाऱ्या आमच्या पोरांना हे ऐकून काय आनंद झाला! फळा कुठं लावला, पाऊस आला तर काय, खिडकीजवळ कोण बसायचं, प्रश्नच प्रश्न. मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्याच भेटीत तिचं बोलणं चार तास ऐकून घेतात, तेव्हा मात्र वर्ग गप्प झाला. या मुलांचं आपण किती ऐकतो, हा विचार माझ्याही मनातून अजून गेलेला नाही.

जेवणाच्या डब्यात काहीतरी समुद्रातलं आणि काहीतरी डोंगरावरचं हवं, असा तोमोएचा नियम. ते प्रकरण झाल्यावर बिसीऊटाच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या, पंगतीत सांबारातल्या एकेका भाजीवर वाद सुरू झाला. डोंगरावरचं भरपूर होतं, समुद्रातलं काही सापडेना. शेवटी एकीनं सांगितलं, “बाई, मीठ आहे की!”

पण पुस्तकाचा जीव माझ्या मते झाडावर चढण्याच्या प्रकरणात आहे. पोलिओ झालेल्या यासुआकीला तोत्तोचान घरी कुणाला न सांगता आपल्या झाडावर न्यायचं ठरवते. साधी शिडी लावून जमत नाही, मग ती घोडीची शिडी ओढत आणते, खालून त्याला ढकलते, वर पोचल्यावर घामाघूम होऊन त्याला फांदीवर ओढून घेते. हे घाईनं वाचू नका. मी एकेक वाक्य थांबत वाचलं. तो वर पोचला तेव्हा मुलांनी आपण होऊन टाळ्या वाजवल्या.

अडचणीही सांगते. जपानी नावांवर जीभ अडखळते, म्हणून आदल्या दिवशी घरी एकदा मोठ्यानं वाचून ठेवावं. पुढं यासुआकीचा मृत्यू येतो, आणि १९४५ च्या बॉम्बफेकीत शाळाच जळते. ही प्रकरणं गाळू नयेत, पण शनिवारी वाचून मुलांना तसंच घरी पाठवू नये. वाचल्यावर बोलायला वेळ ठेवावा.

गटात मुलांनी स्वतः वाचायला मात्र हे पुस्तक मी देणार नाही. तिथं भा. रा. भागवतांचा फास्टर फेणेच बरा. त्यात संवाद भरपूर, घटना भराभर घडतात, आणि अक्षर लावत वाचणाऱ्या मुलालाही बन्या फेणेचं ‘ट्टॉक्’ आपल्या वाट्याला यावं असं वाटतं. फक्त गटात प्रत्येकाच्या हातात प्रत हवी. एका पुस्तकावर चार डोकी वाकली की दोघं नुसती मान हलवतात.

‘श्यामची आई’ बहुतेक शाळांच्या कपाटात असतेच. तिच्या बेचाळीस रात्री मोठ्यानं वाचायला उत्तम आहेत, पण १९३३ साली लिहिलेली ती भाषा आणि ते कोकणातलं घर समजायला सहावी-सातवी बरी. चौथीला निवडक रात्री पुरेत.

बेळगावजवळच्या कडोली, उचगावच्या साहित्य संमेलनांत पुस्तकांचे स्टॉल लागतात, तिथं शाळेसाठी चाळून घेता येतं. ‘तोत्तोचान’ची बाईंसाठी एक प्रत पुरते. कन्नडमध्येही हे पुस्तक आहे, तेव्हा शेजारच्या कन्नड शाळेतल्या शिक्षकांनाही जरूर सांगा.