व्यसनमुक्तीच्या नावाखाली ५८,३०० घेतले आणि माणूस मरता मरता वाचला

आधी आकडे सांगतो, म्हणजे "गेले असतील थोडेफार" असं कोणी म्हणायला नको. तीन महिन्यांचं पॅकेज ४५,००० ॲडव्हान्स. घरून उचलून न्यायला गाडी आणि चार पोरं, ६,०००. "औषधाचं किट" ४,८००. आणि शेवटी माणूस ताब्यात देताना "फाईल क्लोज करायचे" २,५००. एकूण ५८,३००. अक्काचं गंठण मोडून भरलेत.

दाजी सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात लूमवर. वर्षानुवर्षं पिणं, शेवटी शेवटी तर सकाळी उठल्या उठल्या पोटात गेली नाही तर हात थरथरायचे, चहाचा कप धरता यायचा नाही. असल्या घरात काय चालतं ते ज्याच्या घरात आहे त्याला सांगायची गरज नाही. अक्काला कोणीतरी एका खासगी व्यसनमुक्ती केंद्राचं कार्ड दिलं, "१०० टक्के खात्री, पेशंट तयार नसला तरी चालेल". फोन केला, संध्याकाळी गाडी दारात.

आता माझ्या डोक्यातून न जाणारी गोष्ट. त्या ऑफिसात बसून माणसाने आम्हाला काय काय विचारलं? पेशंट किती जाड आहे, मारामारी करतो का, पैसे कॅश का ऑनलाइन. बस. रोज किती पितो, शेवटची कधी घेतली, आधी कधी फिट आली का, शुगर आहे का, लिव्हरचा रिपोर्ट आहे का, यातलं एक अक्षर नाही. मी विचारलं पण होतं, डॉक्टर कधी येतात? तर त्याने भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट केलं, "रजिस्टर्ड आहे साहेब". फ्रेममध्ये शिक्का होता, नंबर होता, बघितला की. पण ती नोंदणी संस्थेची होती बे, केंद्राची नाही! संस्था तर भजनी मंडळाची पण रजिस्टर होते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-ड्रग्जचे पेशंट येतात, आणि त्यांना ठेवून उपचार करणाऱ्या केंद्राची नोंदणी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे लागते. हे मला तेव्हा कोण सांगणार होतं? बाहेर बहीण रडतेय, आत दाजी शिव्या घालतायत, अशा वेळी फ्रेममधली बारीक अक्षरं कोण वाचतं, तुम्ही वाचली असती का?

मर्जीविरुद्ध दाखल करायचं तर दोघांनी वेगवेगळं तपासावं लागतं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ. आणि ते पण ३० दिवसांपर्यंतच, पुढे ठेवायचं तर पुन्हा तपासणी. म्हणजे "तीन महिन्यांचं पॅकेज" हा शब्द ऐकला की तिथूनच उठा.

पुढचं कळलं ते आतल्याच एका पोराने चोरून फोन केला म्हणून. दुसऱ्या दिवशी दाजींना फिट आली. "नाटक करतोय" म्हणून पट्ट्याने कॉटला बांधलं आणि कुठल्याशा कंपाउंडरने ग्लुकोजची बाटली लावली. तिसऱ्या रात्री दाजी हवेत तुटलेला धागा जोडत होते, घामाने चिंब, कारखाना चालू आहे असं वाटत होतं त्यांना. आम्ही भांडून काढलं (तेव्हाच ते २,५०० घेतले, लाज नाही) आणि थेट सिव्हिल गाठलं.

तिथल्या डॉक्टरने जे सांगितलं ते सगळ्यांनी वाचा. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की पहिल्या ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, दोन ते चार दिवसांत भ्रम होतो, आणि उपचार नसतील तर माणूस जाऊ शकतो. म्हणून पहिले चार-पाच दिवस डायझेपामसारखी गोळी देऊन रोज कमी करत आणतात, लिव्हर खराब असेल तर दुसरी गोळी, नाडी-बीपी दर काही तासांनी, आणि थायमिनचं म्हणजे बी-१ चं इंजेक्शन ग्लुकोजच्या आधी, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते. आमच्याकडे तीन महिन्यांचे पैसे घेतले आणि जिथे जीव जातो त्या तीन दिवसांत एक एमबीबीएस नाही!

आणि ते ४,८०० चं किट, त्यात पांढरी पावडर, लेबल नाही. "घरी आल्यावर गुपचूप भाजीत घाला." घालू नका. दारू सोडवायची एक खरी गोळी असते, तिच्यावर पेशंट प्यायला तर बीपी पडतं, हार्टवर येतं, म्हणून ती पेशंटला सांगूनच द्यायची असते. आमच्या पावडरीत काय होतं ते देवालाच ठाऊक.

तक्रारीचं विचारूच नका. पोलीस म्हणाले, "तुम्हीच सही करून दिलाय ना माणूस, मग?" आरोग्यवाले म्हणाले व्यसनमुक्ती समाजकल्याणकडे. समाजकल्याणवाले म्हणाले आम्ही फक्त अनुदानवाली बघतो, हे खासगी आहे, आरोग्यकडे जा. परत आरोग्यकडे गेलो तर साहेब मीटिंगला. एका क्लार्कने तर मलाच विचारलं, पत्ता काय त्या केंद्राचा, आमच्या यादीत नाही. अरे यादीत नाही हीच तर तक्रार आहे! विनानोंदणी चालवलं तर कायद्यात पहिल्यांदा ५,००० ते ५०,००० दंड आहे, पण तो लावायला कोणीतरी खुर्चीवरून उठावं लागतं. अर्ज आवक-जावकमध्ये पडलाय, बोर्ड तसाच लावलेला आहे, गाडी तशीच फिरतेय.

कार्डावरचा नंबर फिरवायच्या आधी १४४४६ लावा, सरकारची नशामुक्ती हेल्पलाइन आहे. १४४१६ टेली मानस पण आहे, सरकारचीच मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे हे आम्हाला सोलापुरात राहून माहीत नव्हतं. आतल्या पेशंटशी फोनवर बोलू देत नसतील तर सरळ जाऊन बघा, तो पेशंटचा हक्क आहे. बांधणं-मारणं म्हणजे उपचार नाही, साखळीला तर कायद्यात सरळ बंदी आहे.

आणि पावती! ४५,००० ची पावती मिळाली, घरी येऊन बघतो तर वर लिहिलंय "ऐच्छिक देणगी". बाकी १३,३०० ची पावतीच नाही. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत जायचं असतं, पण देणगी म्हटलं की केंद्रवाला म्हणणार मी काही विकलंच नाही. नशीब त्याचा व्हॉट्सॲप मेसेज आहे, "डिटॉक्स + ३ महिने = ४५,०००". तुमच्याकडे असे मेसेज असतील तर डिलीट करू नका. आता तो माणूस २०,००० परत देतो म्हणतोय, अट एकच, पेशंट स्वतःच्या मर्जीने आला होता असं स्टॅम्प पेपरवर लिहून द्या. अक्काने कागद त्याच्यासमोर फाडला, केस घालतोय.