‘कोसला’ वाचताना ‘वगैरे’कडे लक्ष ठेवा

भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ ही कादंबरी १९६३ साली आली. आजही कित्येक जण ती अर्ध्यात मिटून ठेवतात आणि तक्रार ठरलेली असते: यात काही घडतच नाही. खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग शिकायला पुण्याला जातो, होस्टेलवर पैसे उडवतो, परीक्षेत आपटतो, गावी परततो. पुढं काय होतं ते शोधत गेलात तर कंटाळाल. तो सांगतो कसं, ते ऐका.

सुरुवातच बघा: ‘मी पांडुरंग सांगवीकर. आज उदाहरणार्थ पंचवीस वर्षांचा आहे.’ स्वतःच्या वयाला कुणी ‘उदाहरणार्थ’ लावतं का? हा लावतो, कारण स्वतःचं आयुष्यही त्याला नमुन्यादाखल काढून दाखवल्यासारखं वाटतं. ‘वगैरे’चं काम वेगळं. एखादा भारदस्त शब्द आला की मागून ‘वगैरे’ येतो आणि शब्दातली हवा जाते. सेक्रेटरीपण, गॅदरिंग, वाङ्मयीन चर्चा, सगळ्यांची हीच गत. मेसच्या कारभारात तो खड्ड्यात जातो ते प्रकरण मात्र सावकाश वाचा. तिथं विनोद पैशांचा आहे, आणि पैसे गावाकडच्या वडिलांचे.

मग धाकटी बहीण मनी देवीच्या रोगानं जाते. इथं थट्टेचा सूर टिकत नाही. वाक्यं आखूड, तुटक होत जातात. एवढीशी पोर जाताना इवलंसं गर्भाशय सोबत घेऊन गेली, म्हणजे पुढची अख्खी साखळीच तुटली, असं त्याच्या मनात येतं. शोकाच्या ठरीव शब्दांपेक्षा हा विचित्र, जवळजवळ हिशेबी विचार जास्त लागतो. आणि तेव्हा कळतं, की तोवरचा टवाळपणा म्हणजे त्यानं स्वतःभोवती विणलेला कोशच होता. कोसला म्हणजे कोशच, शीर्षक उगाच नाही.

डायरीचा भाग पहिल्या वाचनात जड जातो, तो भरभर वाचला तरी चालेल. दूरच्या भविष्यातले इतिहाससंशोधक आपल्या काळाचा अर्थ लावतायत, ही नक्कल धमाल आहे, पण लांबते. खरी उणीव दुसरीच: मनी, आई, आजी सोडल्या तर बायका लांबूनच दिसतात. प्रथमपुरुषी निवेदन म्हटलं की पांडुरंगाला दिसेल तेवढंच येणार, हे मान्य. पण ही मर्यादा त्याची की कादंबरीची, हा प्रश्न सुटत नाही.

नंतर ‘वगैरे’ची नक्कल पुष्कळांनी केली. ती फसते, कारण पंक्चर करायला आधी फुगा लागतो. नुसती टाचणी टोचून काय होणार?

पहिली दहा पानं मोठ्यानं वाचा, बोलीचा ठेका लगेच सापडतो. मनीचा भाग झाला की पुन्हा पहिल्या पानावर या. तेच ‘उदाहरणार्थ’ आता हसू आणत नाही.