वाकडा गुडघा: लिगामेंट सोलायचं, सुईने टोचायचं की हाड काढायचं?
धनुष्यासारखा बाहेर वाकलेला गुडघा बदलायचं ऑपरेशन. ऑस्टिओफाइट्स (हाडाची वाढलेली टोकं) काढले, डीप एमसीएल (गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या लिगामेंटचा खोल थर) सोडवलं, हाडांचे कट झाले आणि तरी स्पेसर ब्लॉक (कापलेल्या हाडांमधली जागा तपासायचा ठोकळा) घातला की आतली बाजू टाइटच. आता पुढे काय, असं नवीन गुडघे करायला लागलेली पोरं विचारतात. तिन्ही गोष्टी करून बसलोय म्हणून लिहितो, मोजमाप वगैरे माझ्याकडे नाही. थोडा वाक ठेवूनच करा म्हणणारेही आहेत, तो विषय आत्ता नको.

आम्ही शिकलो ते सोलणं, म्हणजे लिगामेंट हाडापासून सोडवत खाली जाणं. सुपरफिशियल एमसीएल (त्याच लिगामेंटचा वरचा थर) सांध्याच्या साधारण 6 सेंटिमीटर खाली चिकटलेलं असतं, तिथपर्यंत ऑस्टिओटोम (हाडाची पटाशी) नेला की पाय सरळ, तुम्ही खूश, आणि मग गुडघा वाकवता तर आतली बाजू भसकन उघडते. मला वैताग आला तो याचाच. फ्लेक्शनला (गुडघा वाकवल्यावर) सैल म्हणून जाड इन्सर्ट (मधला प्लास्टिकचा तुकडा) घाला, की एक्स्टेंशन (पाय सरळ केल्यावर) टाइट, मग फीमर (मांडीचं हाड) अजून कापा, हे संपतच नाही. एकदा इतकं सैल झालं की कन्स्ट्रेंड सेटच (लिगामेंट सैल असलं तरी सांधा धरून ठेवणारं इम्प्लांट) लागला, आणि तो आणलेलाच नव्हता. इम्प्लांटवाला पोरगा फोनवर, घड्याळ चालू, आणि बाहेर जाऊन नातेवाइकांना वाढीव खर्च कोण सांगणार यावर आमचं एकमेकांकडे बघणं. तो पाऊण तास अजून विसरलो नाही. चूक माझ्या हाताचीही असेल, नाही म्हणत नाही.

पाय-क्रस्टिंग (यातला पाय आपला नव्हे, इंग्रजी pie), म्हणजे लिगामेंटला बारीक भोकं पाडून ते सैल करणं, त्या मानाने सभ्य. बेल्जियमच्या सर्जन बेलेमन्सनी 2010 मध्ये 19 गेजच्या सुईने टोचायची पद्धत मांडली. एक्स्टेंशनला टाइट तर मागचे तंतू टोचा, फ्लेक्शनला टाइट तर पुढचे. छान आहे, पण किती टोचलं म्हणजे पुरे हे फक्त बोटालाच कळतं, आणि घाई केली की तट्‌कन जातं.

तिसरं रिडक्शन ऑस्टिओटॉमी. टिबियाचा (नडगीच्या हाडाचा) ट्रे, म्हणजे त्यावर बसणारी इम्प्लांटची प्लेट, एक साइझ लहान घ्यायचा, बाहेरच्या बाजूला सरकवायचा आणि आत उघडं राहिलेलं हाड काढून टाकायचं. खुंटी आत घेतली की दोरी आपोआप सैल पडते ना, तसंच, लिगामेंटला हातच लावावा लागत नाही. मुंबईच्या डॉ. अरुण मुल्लाजींच्या कामातून आलेला हिशोब साधारण 2 मिलिमीटर हाड काढलं की 1 अंश वाक सुधारतो असा आहे, आणि मला तरी तो बऱ्यापैकी जुळतो. फ्लेक्शनला उघडण्याचा त्रासही खूपच कमी झाला. अडचण एकच, आपल्याकडच्या बारीक चणीच्या आज्जींना आधीच सगळ्यात लहान ट्रे बसतो, मग अजून लहान आणणार कुठून? आणि हाड भुसभुशीत असेल तर मीही हात आखडता घेतो.

तिथे मग सुई. सोलणं आता अगदीच नाइलाज झाला तर, तुमचा हात त्यात बसलेला असेल तर तुमचं तुम्ही बघा. कन्स्ट्रेंड सेट मात्र कुठलीही पद्धत असो, आदल्या दिवशीच मागवून ठेवतो, बहुतेक वेळा न उघडता परत जातो.