एम.एस्सी. पर्यावरणशास्त्र, रत्नागिरी जिल्हा: सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, फी वसूल, लॅबमध्ये नाही

पाचपैकी साडेतीन. कॉलेजचं नाव मुद्दाम टाकत नाही. खाली तक्रारी आहेत, आणि ज्या सरांनी आम्हाला जीव तोडून शिकवलं ते अजूनही तिथेच तासिका तत्त्वावर आहेत. जिल्ह्यात हा विषय शिकवणारी कॉलेजं ढिगाने नाहीत, शोधणाऱ्याला सापडेल.

माझं मत कुठून येतंय ते आधी सांगते. बी.एस्सी. केमिस्ट्री, मग एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या ईटीपी (सांडपाणी शुद्धीकरण) लॅबमध्ये नोकरी. लग्नानंतर ती सुटली. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा प्रवेश घेतला. पहिल्या खाडीभेटीनंतर माझे कपडे बघून सासूबाई म्हणाल्या, "चिखलात उतरायला फी भरत्येस होय गो?" प्रश्न वाजवी होता.

लॅबपासून सुरुवात करते, कारण राग तिथेच आला. पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजायची विंकलर पद्धत नीट शिकवली, ते मान्य. बाटली काठोकाठ भरायची, आत बुडबुडा राहता कामा नये, मॅंगनस सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड पिपेटचं टोक पाण्याखाली धरून सोडायचं. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका खाली बसतो, नसेल तर पांढराच राहतो. बाजारपेठेच्या गटाराखालून आणलेला नमुना पांढरा राहिला तेव्हा अख्खा वर्ग गप्प झाला होता. पण बीओडीसाठी (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात ते माप) आपल्याकडच्या मानकाप्रमाणे तोच नमुना २७ अंशांवर तीन दिवस ठेवावा लागतो, म्हणजे इन्क्युबेटर हवा. आमचा बंद. दुरुस्तीचा अर्ज गेलाय, हे उत्तर दोन्ही वर्षं मिळालं. जर्नलमध्ये मात्र सगळ्यांची बीओडी छान आली, मागच्या बॅचसारखीच. कंपनीत मी असा आकडा लिहिला असता तर संध्याकाळी घरी बसले असते.

थिअरीचे निम्मे पेपर नोट्स वाचून होतात. ते कुठेही असेच होतात, सोडून देऊ.

खाडीच्या ट्रिपा टाइमटेबलवर ठरतात, तिथीवर नाही. कांदळवनात काठापासून पाण्यापर्यंत दोरी टाकून कुठे काय उगवतं ते मोजायचं होतं, कांदळ, तिवर, चिपी, वर गेव्याची झाडं. नेलं कधी, तर अमावास्येला दुपारी बारा वाजता. कोकणात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की अमावास्या-पौर्णिमेला दुपारी भरती असते आणि ती उधाणाची असते. निम्मी दोरी पाण्याखाली. होडीवाले मामा सरकारी खर्चाने आलोय असं समजून हसत होते. त्यांना म्हटलं, खर्च आमचाच आहे. दुसऱ्या सेमिस्टरला आम्ही मुलींनीच त्यांना विचारून वेळ ठरवली आणि काम झालं.

आता जे पैसे वसूल करतं ते. दोन गोष्टी.

एक, कायद्याचा पेपर. आमच्या सरांनी सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामांवर बंधनं घालणारी, २०१९ ची अधिसूचना नुसती वाचून दाखवली नाही, प्रत्येकाला आपापल्या गावाचा नकाशा घ्यायला लावला. खाडीकाठी भरतीरेषेपासून ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतलं जे कमी असेल तेवढा पट्टा या नियमांत येतो. समुद्राकडे ग्रामीण भागात, जिथे २०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त माणसं आहेत तिथे ५० मीटर ना-विकास क्षेत्र, विरळ वस्तीत २०० मीटर. हे आमच्या वाडीच्या नकाशावर क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये आखलं आणि घरी दाखवलं. चुलत दीर समुद्राकडेला होमस्टे बांधणार होते. ते त्या रात्री जेवताना फारसं बोलले नाहीत.

दुसरी गोष्ट सडा. मोठ्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी घ्यायची तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे आधी ईआयए अहवाल (पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याचा), मग बहुतेक प्रकल्पांना जनसुनावणी, तिची किमान तीस दिवस आधी नोटीस, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही. इथवर पुस्तकात आहे. सरांनी दाखवलं ते पुढचं: या अहवालांमध्ये परिसराची मूळ स्थिती बहुतेक वेळा पावसाळा सोडून एका ऋतूत मोजलेली असते. कोकणात पावसाळा सोडला तर उरतं काय?

भाद्रपदात सरांनी आम्हाला सड्यावर नेलं आणि एक मीटरची चौकट टाकून तीत जे दिसेल ते मोजायला बसवलं. सीतेची आसवं, गेंद, तेरडा, आणि हातभिंग लावल्यावर चिकट थेंबांचा दवबिंदू. सीतेच्या आसवांचं एक रोप अलगद उपटून पाण्याच्या वाटीत धरलं, तर खाली टाचणीच्या टोकाएवढ्या पिशव्या. पाण्यातले बारीक जीव त्या ओढून घेतात, कारण कातळावरच्या बोटभर मातीत नत्र जवळजवळ नसतंच. गुडघे भिजून सुन्न झाले तरी उठावंसं वाटेना. मार्चमध्ये त्याच जागी पुन्हा नेलं. काळा कातळ, करपलेलं गवत आणि एक टिटवी. अहवाल लिहिणारा मार्चमध्ये आला तर तो खोटं न बोलता 'पडीक, खडकाळ' असं लिहून जाईल, सातबारावर तर तो पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, आहेच. सड्यांवरची कातळशिल्पं, म्हणजे कातळात कोरलेली जुनी चित्रं, २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली म्हणून निदान त्यांच्याकडे बघायला कुणी येतं. फुलांची मुदत गणपती ते दसरा.

त्यानंतर मी पुढ्यात आलेला कुठलाही सारांश आधी तारखेच्या पानापासून वाचते. नमुने कोणत्या महिन्यात घेतले, विहिरींची पातळी कधी मोजली, वनस्पतींची यादी कोणत्या ऋतूची. मागच्या जनसुनावणीत शेजारच्या गावातल्या दोन बायकांनी माझ्याकडून हे समजून घेतलं आणि तोच प्रश्न माइकवर विचारला. उत्तर मिळालं की नोंद घेतली आहे. निदान इतिवृत्तात तो आला.

नोकरीचं विचाराल तर स्वप्नं बेताची ठेवा. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जागा निघतात तेव्हा निघतात. ईआयए करणाऱ्या सल्लागार कंपन्या घेतात, पण सुरुवातीचा पगार बघून घरचे विचारतील की यासाठी दोन वर्षं घातलीस? आमच्यातला एकजण तिथे आहे, दोघी नेट-सेटच्या मागे, एक कासवांच्या हंगामात किनाऱ्यावर काम करते. मी परत ईटीपी लॅबमध्ये, आधीपेक्षा बऱ्या पदावर. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडायची सोय आहे, पण फील्डचं खरं काम आमच्याकडे दुसऱ्या वर्षी होतं, तेव्हा मध्येच सोडू नका.

प्रवेश घेण्याआधी लॅबमध्ये स्वतः जाऊन इन्क्युबेटरचं बटण दाबून बघा. ज्येष्ठ विद्यार्थ्यांना विचारा की सड्यावर कोणत्या महिन्यात नेतात. ऑक्टोबर संपताना नेत असतील तर उपयोग नाही. आणि खाडीत गमबूट घालून जाऊ नका, गाळात बूट राहतो आणि पाय वर येतो. अनवाणीही नको, कालवं तळवा कापतात. जुने कॅनव्हासचे बूट, नाडी घट्ट बांधून.